काढ्याचं नंतर बघू, आधी पट्ट्याचं

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर वगळून सारांश देते. यजमानांचं वय 54, मार्केट यार्डात हळदीच्या अडत पेढीवर दिवाणजी. पाच-सहा महिन्यांपासून जेवणानंतर छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं. रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू. गेले दोन महिने ताई त्यांना रोज सकाळी रिकाम्या पोटी काढा देतात: सुंठ, मिरे, दालचिनी, लवंग, तुळस, ओवा आणि 'घशाला बरा म्हणून' ज्येष्ठमधाचा तुकडा. दोन पेले पाणी अर्धा पेला होईपर्यंत आटवायचं. आधी आराम पडला, आता जळजळ उलट वाढली आहे. सासूबाई म्हणतात, काढ्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही, अंगी लागायला वेळ लागतो. पुण्यात नोकरी करणारा मुलगा फोनवर म्हणतो, तो पालापाचोळा बंद करा आणि ऍसिडिटीची गोळी सुरू करा. शेजारणीने 'पचनासाठी आयुर्वेदिक हर्बल टी'चा डबा सुचवला आहे. यजमान म्हणतात, मला काही झालेलं नाही. पत्राच्या शेवटी ताई लिहितात: 'एक बरं झालं, काढ्याने पोट उतरलं, पट्टा दोन भोकं आत गेला. गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळी आणतात, तेवढीच काय ती चालू आहे.' त्यांचा प्रश्न: यांना नेमका कुठला हर्बल चहा देऊ, आणि ऐकू कुणाचं?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा काढ्यासाठी, दुसऱ्यांदा पट्ट्यासाठी. तुम्ही जे वाक्य जाता जाता, जरा समाधानानेच लिहिलंय, तिथेच मी थांबले.

काढ्याने पट्टा दोन भोकं आत जात नाही. यजमानांनी भात सोडला, फिरणं सुरू केलं असं पत्रात कुठे नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला पोटाची तक्रार नव्याने सुरू होते, ती महिनोन्महिने टिकते आणि वजन आपोआप उतरतं, तेव्हा कोणता चहा हा प्रश्नच बाजूला ठेवायचा. आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं आणि एंडोस्कोपीचं विचारायचं. वैद्य म्हणून माझ्या दवाखान्यात असा पेशंट आला तर मीही चूर्णाची पुडी बांधण्याआधी तिकडेच पाठवते. घाबरून जाऊ नका. बहुतेक वेळा व्रण, सूज असंच काही निघतं आणि त्याला औषध आहे. पण ते न बघता वरून काढा पाजत राहणं म्हणजे गळक्या कौलाखाली पातेलं मांडून बसणं.

दुसरी अडचण त्या गुडघ्याच्या गोळीची. 'तेवढीच काय ती' असं तुम्ही लिहिता, पण माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या बहुतेक दुखण्याच्या गोळ्या पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात, त्यातून जठराला व्रण पडू शकतो. त्यात ही माणसं गोळी घेतात कधी? दुपारी सौदे संपल्यावर, पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नसताना. याच गोळ्या रक्तदाबही वाढवतात आणि रक्तदाबाच्या औषधाचा जोर कमी करतात. तेव्हा गोळीचं रिकामं पाकीट डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. 'गुडघ्याची पांढरी गोळी' एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही.

यजमानांना दोन गोष्टी विचारा, जरा अवघड आहेत पण विचारा. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होतं का? आणि ही जळजळ चालताना, जिना चढताना वाढते का, घाम फुटतो का, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकते का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर आत रक्तस्राव होत असू शकतो. दुसऱ्याचं हो असेल तर ते पोट नसून हृदय असू शकतं. रक्तदाब असलेल्या 54 वर्षांच्या माणसाच्या बाबतीत 'गॅस छातीत अडकलाय' हे वाक्य मी फार सावधपणे ऐकते. यातलं काहीही असलं तर वेळ ठरवायची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मिरज आपल्या शेजारी. 1894 मध्ये मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी तिथे रुग्णालय सुरू केलं, आणि पुढे कर्नाटकातून, कोकणातून लोक उपचाराला तिथे येऊ लागले. आपण मात्र दहा किलोमीटरवर राहून दुखण्याची गोळी काउंटरवरच्या पोऱ्याला विचारून घेतो.

हे झालं तातडीचं. आता काढ्याकडे येऊ, कारण तुमच्यासारखी पत्रं मला दर महिन्याला येतात आणि सगळ्यांत हीच गफलत असते.

तुमची कृती मला ओळखीची वाटली. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरे: 2020 मध्ये कोरोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने जो काढा घ्यायला सांगितला होता, तो हाच. पुढे घराघरात त्यात लवंग पडली, ओवा पडला, कुणी गूळ घातला. सर्दी, कफ, पावसाळी गारठा यांच्यासाठीची ही जोडणी आहे, सगळी द्रव्यं उष्ण आणि तीक्ष्ण. ती तुम्ही जळजळ होणाऱ्या माणसाला उपाशीपोटी, आटवून दाट करून देताय. आधी आराम पडला, कारण पोट फुगणं कमी झालं असेल. ओवा-सुंठीने वारा सरतो, त्यात खोटं काही नाही. पण जळजळ वाढली तीही त्याच सुंठ-मिऱ्याने. ही 'अंगी लागण्याची' वेळ नाही. दोन महिने पुरे झाले.

ही चूक मी स्वतःही केलेली आहे, तेव्हा उपदेशाचा सूर नको. शिक्षण नुकतंच संपलं होतं, ऑक्टोबरचं ऊन होतं. वडिलांचं पोट जड झालं म्हणून मी मोठ्या ऐटीत सुंठीचा काढा करून दिला, दोन दिवस. तिसऱ्या रात्री ते उठून अंगणात बसले होते, गळ्याशी हात धरून. शरदात पित्ताचा प्रकोप होतो हे मी परीक्षेत दोन पानं भरून लिहिलं होतं. घरी विसरले.

आपण 'पित्त झालं' या दोन शब्दांत फार गोष्टी कोंबतो. छातीत जळलं तरी पित्त, पोट फुगलं तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, करपट ढेकर आली तरी पित्तच. यातली प्रत्येक तक्रार वेगळी आहे आणि एकीला उतरणारं पेय दुसरीला चढतं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर, त्याने दीपन आणि पाचन यांच्यातसुद्धा फरक केला आहे. भूक चेतवतं पण आम, म्हणजे अर्धवट पचून पोटात राहिलेलं, पचवत नाही ते दीपन, उदाहरण बडीशेप. आम पचवतं पण भूक चेतवत नाही ते पाचन, उदाहरण नागकेशर. म्हणजे पोटासाठी 'चांगलं' हे एक नाव त्यांना पुरेसं वाटलं नाही, आपल्याला मात्र डब्यावरचं पुरतं.

आणि हा 'हर्बल चहा' शब्द. चरक-सुश्रुतांत चहा नाही, पण तुम्ही ज्याला हर्बल चहा म्हणता ती पद्धत आहे आणि तिला नाव आहे: फांट. वनस्पतीतला गुण काढून घ्यायच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत: स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटून केलेला गोळा), क्वाथ, हिम, फांट. या क्रमाने पुढची मागचीपेक्षा हलकी. क्वाथ म्हणजे आपला काढा: द्रव्याच्या सोळापट पाणी घालून मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, व्यवहारात चौथा हिस्साही ठेवतात. तुमचा दोन पेल्यांचा अर्धा पेला, तो चौथाच हिस्सा. म्हणजे तुम्ही चहा देत नाही, औषध देताय, आणि औषध म्हटलं की किती, कधी, किती दिवस हे सगळे प्रश्न आले. फांटात उकळणं नाही. उकळतं पाणी वरून ओतायचं, झाकायचं, गाळायचं. हिमात आचच नाही, थंड पाण्यात रात्रभर भिजवायचं.

काय उकळायचं नि काय नाही हे नाकाने ठरवा. बडीशेप, जिरे, ओवा, वेलदोडा, पुदिना यांचा गुण बराचसा त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. उकळताना सगळ्या घरभर वास सुटला, शेजारीण विचारायला आली, तर समजा की औषध भिंतींना मिळालं, पेल्यात कडवट पाणी उरलं. याउलट साली, मुळं, सुंठीसारखी वाळलेली कठीण द्रव्यं नुसत्या गरम पाण्यात फारसं काही सोडत नाहीत, त्यांना आच लागते.

तपासणी होऊन, व्रण वगैरे नाही किंवा असला तर त्याचे उपचार सुरू झाले आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, की यजमानांना द्यायचं ते असं.

जळजळीसाठी धण्याचा हिम. रात्री दोन चमचे धणे खलबत्त्यात जाडसर कुटा, पूड नको, नुसते फुटले पाहिजेत. धण्यांच्या सहापट पाणी अशी जुनी मात्रा आहे, घरगुती मापात लहान अर्धा पेला पाणी. स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात झाकून ठेवा. सकाळी हाताने कुस्करून फडक्यातून गाळा, मधुमेह नसेल तर थोडी खडीसाखर. पाणी फिकट पिवळट दिसतं, वास हिरवट येतो, चव फार काही नाही. 'अंतर्दाह आणि तहान' यांच्यासाठी शार्ङ्गधरात हाच हिम सकाळी साखर घालून सांगितला आहे. आठ-दहा दिवस घेऊन बघा.

पोट फुगतं त्यासाठी बडीशेप आणि जिरे यांचा फांट, दुपारच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने. दोन्ही मिळून एक चमचा, कुटून, पेलाभर उकळत्या पाण्यात, झाकून दहा मिनिटं. बस. आलं घालायचा मोह होईल, जळजळ पूर्ण थांबेपर्यंत नको. आल्यापेक्षा सुंठ तिखट असते. आलं वाळताना त्यातल्या जिंजरॉलचं शोगॉल होतं आणि ते जास्त जहाल. म्हणून 'सुंठ म्हणजे वाळलेलं आलंच की' म्हणून तेवढीच घालू नये.

पुदिन्याचा चहा मात्र यांना देऊ नका. सगळे पुदिना थंड म्हणून देतात. त्यातल्या मेंथॉलने आतड्यांचे पिळे सैल होतात, त्यामुळे मुरडा येणाऱ्याला तो उपयोगी पडतो. पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही त्याने सैल होते, आणि ज्याला आंबट पाणी वर येतं त्याला ते आणखी वर येतं.

ज्येष्ठमध आजपासून बंद. यात 'बघू' नाही. ज्येष्ठमध जळजळीला खरंच शामक आहे, म्हणूनच माणसं रोज घेत राहतात. पण त्यातल्या ग्लायसिरायझिनमुळे अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर पोटॅशियमला दुहेरी फटका बसतो. दोन महिने रोज घेतलंय हे डॉक्टरांना न चुकता सांगा, ते रक्त तपासायला सांगतील. हाच हिशोब मिठाचा. ओव्याबरोबर पादेलोण, सोडा-लिंबू, फसफसणारी पुडी, सगळ्यांत सोडियम आहे आणि आपण ते 'मीठ' म्हणून मोजत नाही.

शेजारणीच्या डब्याबद्दल. डब्याची मागची बाजू वाचा, पुढची नको. घटकांत सोनामुखी दिसली तर तो पचनाचा चहा नाही, जुलाबाचा आहे. दोन-चार दिवसांच्या बद्धकोष्ठाला ठीक, रोज घेतला तर आतडं त्याच्याशिवाय हलेनासं होतं. सोनामुखी नसेल तर बहुधा आत बडीशेप, जिरे, धणे, थोडं आलं आणि पुष्कळ पुठ्ठा असतो. गणपती पेठेत यांतली प्रत्येक जिन्नस सुटी, ताजी मिळते, आणि बडीशेपेचा दाणा दाताखाली चावून बघता येतो.

आता ज्याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, त्या चहाबद्दल. पेढीवरचा माणूस म्हणजे शेतकरी आला की चहा, व्यापारी आला की चहा, वजन झालं की चहा. सकाळी तुमचा काढा पोटात गेल्यावर दहाच्या आत किती कप होतात, हे यजमानांना एक दिवस मोजायला सांगा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारायच्या, दिवाणजींना हिशोब शिकवायला नको. मला सात-आठच्या खाली आकडा येईल असं वाटत नाही, त्यात निम्मे उपाशीपोटी. समोर आलेला चहा परत पाठवणं आपल्याकडे शोभत नाही, ते मी सांगणारही नाही. पहिला चहा भाकरी-भाजी किंवा निदान चार घास पोहे पोटात गेल्यावर, आणि पुढचे सगळे 'अर्धा' म्हणून मागायचे. बरोबर धण्या-जिऱ्याच्या कोमट पाण्याचा थर्मास द्या. लोकांसमोर हातात पेला असला म्हणजे झालं, आत काय आहे कोण बघतं. संध्याकाळचं भडंग मात्र महिनाभर घरी राहू दे. सांगलीकराला हे सांगताना मलाही वाईट वाटतं.

रात्री किती वाजता जेवतात? हंगामात दहा-साडेदहा होत असणार, आणि जेवून लगेच आडवं. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. नाहीच जमलं तर रात्रीचं हलकं, भाकरीऐवजी मुगाची मऊ खिचडी, मग शतपावली, मग डाव्या कुशीवर. वामकुक्षी म्हणजे डावी कूस, लोक नुसतीच 'दुपारची झोप' समजतात. डाव्या कुशीवर जठरातलं आम्ल वर यायला कमी वाव मिळतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट सरकवा. दोन उशा घेतल्याने मान दुखते, बाकी काही होत नाही.

तुम्ही विचारलंत, ऐकू कुणाचं. मुलाचं अर्धं बरोबर आहे. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने आराम पडेल, पण पंधरा-वीस दिवसांच्या पुढे स्वतःच्या मनाने ती घेत राहिलं तर आतला आजार झाकला जातो, काढ्याने झाकला जातो तसाच. मूळ दुसरंच असू शकतं. जठरात राहणारा एक जिवाणू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, व्रणाला कारण होतो हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं. लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणवली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे तो पुष्कळांच्या पोटात असतो आणि त्याला ठरावीक दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स लागतो. धण्याने तो जात नाही, नुसत्या ऍसिडिटीच्या गोळीनेही नाही.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. 'काढ्याने अपाय होतो' असं म्हणालात की त्यांच्या आईपासूनचं सगळं तुम्ही खोटं ठरवताय असं त्यांना वाटेल. त्याऐवजी विचारा, 'आई, तुमच्या माहेरी उन्हाळी लागली की काय द्यायचे?' मला खात्री आहे, धण्याचं पाणी हेच उत्तर येईल. मग विचारा, पोट दुखलं की? ओवा. बाळंतिणीला? शेपा. एकाच पातेल्यात सगळं टाकून सगळ्यांना पाजायची रीत त्यांच्या आईची नव्हती, ती आपली, अलीकडची. धणे कुटायचं काम त्यांच्याकडेच द्या. आपल्यापेक्षा त्यांचा हात चांगला चालेल.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, कारण पत्र एका घराचं असलं तरी पातेली सगळीकडे चुलीवर आहेत. गरोदर बाईने ज्येष्ठमध आणि काढे विचारल्याशिवाय घेऊ नयेत, स्वयंपाकातल्या जिऱ्या-ओव्याला हरकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ओव्याचं पाणी, बडीशेपेचं पाणी काहीही नको, आईचं दूध पुरे. मध वर्षाच्या आत नकोच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आलं-हळदीचे दाट अर्क डॉक्टरांना विचारून. आणि तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जाणाऱ्यांनी चहा शोधत बसू नये, पित्ताशयाची सोनोग्राफी करावी.

यजमान म्हणतील, मला काही झालेलं नाही. भांडू नका. त्यांचा पट्टा त्यांच्याच हातात द्या आणि जुन्या भोकाभोवतीची चामड्यावरची घडी दाखवा, नवं भोक कुठे आहे ते दाखवा. हिशोबाचा माणूस आहे, दोन आकड्यांतला फरक त्याला कळतो. मुलाला फोनवर सल्ला देण्याऐवजी एक दिवस रजा काढून यायला सांगा.

एंडोस्कोपीला बारीक नळी तोंडातून जाते, घशात बधिर करणारा फवारा मारतात, आत बघायला पाच-दहा मिनिटं पुरतात. आधी सहा-आठ तास पोट रिकामं लागतं. म्हणजे त्या सकाळी काढा नाही, धण्याचं पाणी नाही, पेढीवरचा चहा तर नाहीच, आणि रक्तदाबाच्या गोळीचं काय करायचं ते वेळ घेतानाच विचारून ठेवा. सासूबाईंना आदल्या रात्री सांगा, नाहीतर त्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पातेलं चढवतील.